साथीच्या काळात नर्सेसना मानसिक आधार : वॉर्डात नेमकं काय करता येतं?

टीपीआर

मार्च २०२० मध्ये मुंबईत कोविडचे पहिले रुग्ण सापडले. महिना-दीड महिन्यात कस्तुरबा रुग्णालयापुरता असलेला प्रश्न नायर, केईएम, सायन, सेव्हन हिल्स असा पसरला, पुढे वरळीचा डोम, बीकेसी, नेस्को इथली तात्पुरती कोविड केंद्रं. खाटा आणता आल्या, ऑक्सिजनच्या लाइनी टाकता आल्या. सिस्टर्स मात्र तंबूबरोबर उभ्या करता येत नाहीत. होत्या त्यांनाच ताणलं गेलं.

हा धागा त्या ताणाबद्दल आहे. कौतुकाच्या पोस्टी नकोत, त्या खूप झाल्या. पुढच्या वेळी वॉर्डाच्या पातळीवर काय तयार असायला हवं, ते जाणकारांनी लिहावं.

सुरुवात मी ड्युटी लिस्टपासून करते. मानसिक आरोग्य म्हटलं की प्रशासनाला समुपदेशनाचं सत्र आठवतं. ते ठेवतात दुपारी तीनला. तेव्हा रात्रपाळीची सिस्टर झोपलेली असते, सकाळपाळीची विरार लोकल पकडायच्या घाईत आणि दुपारपाळीची ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती) घेत असते. मग अहवालात येतं, 'प्रतिसाद अल्प'.

हिशोब असा. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, पाळी आठ तासांची, तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. एक जण आठवड्याला ६ पाळ्या करते, म्हणजे साडेतीन माणसं. रजा, आजारपण यासाठी ३० टक्के राखीव धरले की साधारण साडेचार. पीपीईमुळे (संसर्गापासून बचावाच्या अंगभर किटमुळे) पाळी सहा तासांची केली की पाळ्या २८ होतात आणि तोच हिशोब सहा माणसांवर जातो. थेट एक-तृतीयांश वाढ! वॉर्डात एका वेळी चार सिस्टर लागत असतील तर १८ ऐवजी २४ नावं यादीत हवीत. माणसं न वाढवता कागदावर 'सहा तास' लिहिलं की पहिल्या आठवड्यात साप्ताहिक सुट्टी जाते, दुसऱ्यात डबल ड्युटी सुरू होते आणि तिसऱ्यात निम्मा स्टाफ पॉझिटिव्ह येऊन उरलेल्यांवर सगळं पडतं.

शिवाय ते सहा तास सहा नसतातच. किट चढवायला १५-२० मिनिटं, ओव्हर, उतरवायला तेवढाच वेळ किंवा जास्त, मग अंघोळ. साडेसात तास सहज. त्यात बदलापूर किंवा नालासोपाऱ्याचा प्रवास धरा. २३ मार्चपासून लोकल बंद होत्या, अत्यावश्यक सेवेसाठी त्या १५ जूनला सुरू झाल्या. मधले अडीच-पावणेतीन महिने बस हाच आधार होता. प्रवास ड्युटीच्या तासांत न धरणारी यादी मुंबईत निरुपयोगी आहे.

यादीबाबत माझे तीन आग्रह. यादी किमान दोन आठवडे आधी लागावी. आयसीयूतली सलग ड्युटी ठरलेल्या मुदतीनंतर संपावी आणि पुढची पाळी बिगरकोविड वॉर्डात असावी. आणि बदल करायचा तर फोन इन्चार्ज सिस्टरनेच करावा, व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री अकराला यादीचा फोटो टाकून नव्हे. 'उद्या कुठे' हे माहीत नसणं हा स्वतंत्र ताण आहे, आणि तो कमी करायला एक पैसा लागत नाही.

---

परळनाका

टीपीआरताई, यादीचं पटलं. मी संसर्ग नियंत्रणाच्या बाजूने भर घालतो, कारण पीपीईच्या आत जे होतं ते बाहेरून 'चिडचिड' म्हणून दिसतं.

मुंबईची मे-जूनची दमट हवा. हवा वॉर्डावॉर्डांत फिरू नये म्हणून सेंट्रल एसी बंद. त्यात लॅमिनेटेड कव्हरऑल, ज्यातून घाम बाहेर जात नाही. तासाभरात आतले कपडे ओले, गॉगलवर वाफ. मध्ये लघवीला जायचं तर किट फेकावं लागतं, म्हणून सिस्टर्स पाणीच पीत नाहीत. मग डोकेदुखी, चक्कर, लघवीचा संसर्ग. इन्फ्यूजन पंपाचा (शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्राचा) आकडा वाचताना होणाऱ्या चुका त्यातूनच. त्या चुकीची भीती मग घरी जाऊन रात्रभर छळते.

करायचं काय, तर किट चढवण्याआधीच्या तासाभरात अर्धा लिटर पाणी घोट-घोट प्यायचं. शेवटच्या मिनिटाला गटागट नाही. लघवी करूनच किट घालायचं. उतरवल्यावर आधी ओआरएस, मग चहा. चार तासांनी एकदा बाहेर येता यावं म्हणून दर पाळीला एक रिलीव्हर (तेवढा वेळ जागा सांभाळणारी सिस्टर) हवी आणि तिला दुसऱ्या कामाला लावायचं नाही. हे सगळ्यात आधी मोडतं: रिलीव्हर मोकळी दिसली की तिला स्टोअरला पाठवतात. मध्ये बाहेर येऊन परत आत जायला प्रत्येकीमागे एक जादा किट लागतं, ते खरेदीच्या मागणीत आधीच धरा.

मासिक पाळीच्या दिवसांत ड्युटी असेल तर सिस्टरला चार तासांच्या आतलं काम द्या, आणि हे तिला मागावं लागू नये. डॉनिंग रूममध्ये (किट चढवायच्या खोलीत) पॅड, जादा आतले कपडे आणि कागदी पिशव्या उघड्यावर ठेवा, कपाटात कुलूप लावून नाही.

नाकाच्या हाडावर मास्कने जखम होते. पातळ हायड्रोकोलॉइड (जेलसारखी, जखमेवर लावायची) पट्टी चालते, पण ती लावल्यावर एन-९५ची सील पुन्हा तपासायची: दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, कडेने हवा लागली तर पट्टी काढून बारीक कापा.

संसर्गाचा मोठा धोका आणि सगळ्यात जास्त धास्ती किट उतरवताना. पाळी संपलेली, डोळे मिटतात, आणि तेव्हाच क्रम चुकतो. म्हणून समोर एक माणूस उभा हवा, जो एकेक पायरी मोठ्याने बोलेल: 'बाहेरचे ग्लोव्हज. हात. गाऊन, आतली बाजू बाहेर. हात. गॉगल. हात. मास्क शेवटी, पुढून धरू नका.' भिंतीवरचा तक्ता हे काम करत नाही, गॉगल धुकट असतो. 'मी घरी काही नेत तर नाही ना' ही शंका या एका माणसाने निम्मी होते.

आणि कव्हरऑलवर पाठीला आणि छातीला मार्करने मोठ्या अक्षरात नाव लिहा. पेशंट 'अहो पांढरेवाले' म्हणून हाक मारतो आणि सिस्टर्स एकमेकींनाही ओळखू येत नाहीत, हे दिवसभर चालणं बरं नाही.

---

चौथी_सीट

वाचतोय. माझा या क्षेत्राशी संबंध नाही, पण एक प्रश्न आहे. एवढे मृत्यू बघितल्यावर बोलून मोकळं होणं महत्त्वाचं ना? मग पाळी संपल्यावर सगळ्यांना बसवून, जे झालं ते बोलायला लावायचं, असं का करत नाहीत?

---

हिरवा_पडदा

चौथी_सीट, हेतू चांगला आहे, पण 'बोलायला लावणं' हाच गोंधळ आहे. आघातानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून सविस्तर प्रसंग वदवून घेण्याची पद्धत पूर्वी लोकप्रिय होती. अभ्यासांत ती पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) टाळत नाही असं दिसलं, काहींना उलट त्रास वाढला. जागतिक आरोग्य संघटनाही ती सुचवत नाही. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार: बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या.

वॉर्डात ते असं दिसतं. ओव्हर झाल्यावर, किट उतरवून, इन्चार्ज सिस्टर दहा मिनिटं थांबते. उभ्याने, चहासोबत चालतं. तीन प्रश्न: आज काय नीट झालं? काय अडलं? उद्याच्या पाळीसाठी काय बदलायचं? 'तुला कसं वाटतंय' हा प्रश्न घोळक्यात विचारायचा नाही, तो नंतर एकटीला. कुणाला बोलायचं नसेल तर बोलू नये. आणि तिसऱ्या प्रश्नाला आलेलं एक तरी उत्तर दुसऱ्या दिवशी अमलात आलेलं दिसायला हवं. नाहीतर आठवड्यात ही दहा मिनिटं नावापुरती उरतात.

आता लक्षणं. रडणारी सिस्टर बहुतेकदा सावरते. लक्ष ठेवायचं ते दुसरीकडे: जी अचानक मावशी-मामांवर (वॉर्डातल्या आया-वॉर्डबॉयवर) ओरडायला लागते, जी पेशंटला नावाऐवजी फक्त 'बेड बारा' म्हणते, जी स्वतःहून सलग रात्रपाळ्या मागते म्हणजे घरी कुणाशी बोलावं लागणार नाही, जी एकच डोस चार वेळा तपासते, जी जेवणाचा डबा तसाच परत नेते. दोन-तीन दिवसांचं असेल तर विश्रांतीने जातं. दोन आठवडे टिकलं तर पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली भरून घ्या. नऊ प्रश्न, एकूण २७ गुण, १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी बोलायचं आणि तिला एकटं सोडायचं नाही.

तो फॉर्म मेट्रनच्या (मुख्य परिचारिकेच्या) टेबलावर जाता कामा नये. एकदा का 'हिचा स्कोअर चौदा आहे' हे ड्युटी रूममध्ये फुटलं की पुढच्या सगळ्या फॉर्मवर शून्य-शून्य-शून्य येतं. फॉर्म बाहेरच्या संस्थेकडे किंवा मानसोपचार विभागाकडे थेट जावा, प्रशासनाला फक्त एकूण संख्या मिळावी.

महिनाभराच्या आत पीटीएसडीचं लेबल लावू नका, निदानाच्या निकषातच लक्षणं एक महिन्याहून जास्त असावी लागतात. झोप न लागणं, दचकणं, मॉनिटरचा आवाज घरी ऐकू येणं हे पहिल्या आठवड्यांत बहुतेकांना होतं, आणि ते 'होतं' एवढं सांगितलं तरी घाबरणं कमी होतं.

टेली-मानस, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२२ पासून सुरू आहे, कोविडच्या लाटांत नव्हतं. हा नंबर ओळखपत्राच्या मागे छापा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून कुणी नंबर उतरवून घेत नाही, बाकीचे बघत असतात.

---

रातराणी

झोपेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय.

पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा. उलट फिरवल्या की शरीराला जड जातं. सलग रात्री तीन, फार तर चार. दोन पाळ्यांत किमान ११ तासांचं अंतर हवं. दुपारपाळी रात्री साडेनऊला सोडून सकाळी सातला पुन्हा बोलावणं म्हणजे प्रवास वजा जाता चार-पाच तास झोप.

रात्री दोन ते चारच्या मध्ये वीस मिनिटांची डुलकी, आळीपाळीने, लेखी परवानगीने. चोरून घेतलेली डुलकी झोप देत नाही, धसका देते. चहा-कॉफी पाळी संपायच्या पाच-सहा तास आधी थांबवा, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री एकला गरम जेवण हवं. वडापाव आणि बिस्किटांवर सहा महिने काढता येत नाहीत.

राहता राहिली दिवसाची झोप. पुस्तकं सांगतात अंधारी, शांत खोली. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, कुकरच्या शिट्ट्या, ऑनलाइन शाळा. तिथे अंधार कुठून आणणार? म्हणून रुग्णालयाच्या आवारातच रात्रपाळीनंतर चार-पाच तास झोपायला पलंग हवेत. जाड पडदे, पंखा, फोन बाहेर, बस. हे 'वेलनेस रूम'मधल्या बीन बॅगपेक्षा स्वस्त पडतं. बीन बॅगमध्ये साडीवर किंवा युनिफॉर्मवर बसून उठून दाखवावं ज्याने ती खरेदी केली त्याने.

---

चौथी_सीट

ताई, बीन बॅगवरून हसलो. हिरवा_पडदा, धन्यवाद, समज दुरुस्त झाली. घरच्यांनी काय करावं तेही सांगा.

---

हिरवा_पडदा

थोडक्यात: दारात प्रश्न विचारू नका, अंघोळ-जेवण होऊ द्या. 'आज किती गेले?' हा प्रश्न तर नकोच. टीव्हीवरचे आकडे ती असताना बंद. घरातलं एक काम पूर्ण उचला, 'मदत लागली तर सांग' म्हणू नका, सांगणं हेही कामच असतं. ती हॉटेलात किंवा हॉस्टेलवर राहत असेल तर मुलांशी फोनची वेळ ठरलेली ठेवा आणि ती चुकली तर मुलांना कारण सांगायची जबाबदारी घरच्यांची.

---

कागदघोडा

मी प्रशासनाच्या बाजूचा, शिव्या खायला तयार आहे. पण कागदांनी येणारी निर्धास्तता कमी समजू नका.

सोसायटी. २०२०च्या एप्रिलमध्ये नर्सेसना घर सोडा, लिफ्ट वापरू नका असं सांगणाऱ्या सोसायट्या निघाल्या. २२ एप्रिल २०२०ला अध्यादेश आला, सप्टेंबरमध्ये कायदा झाला: साथरोग कायद्यातल्या त्या दुरुस्तीत मारहाणच नाही, तर आरोग्य कर्मचाऱ्याच्या राहण्या-काम करण्यात अडथळा आणणारा छळही येतो. शिक्षा ३ महिने ते ५ वर्षं आणि ५०,००० ते २ लाख दंड. गंभीर दुखापत असेल तर ६ महिने ते ७ वर्षं आणि १ ते ५ लाख. वॉर्डातल्या मारहाणीला राज्याचा २०१०चा कायदा साथ नसतानाही लागू असतो, अजामीनपात्र. सिस्टरने स्वतः सेक्रेटरीशी भांडू नये. रुग्णालयाच्या लेटरहेडवर कलमांसह पत्र द्यावं, प्रत पोलीस ठाण्याला. पत्राचा मसुदा आधीच तयार असावा. एफआयआर द्यायची वेळ आली तर संस्थेने द्यावी आणि सोबत माणूस पाठवावा.

विमा. प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजचं ५० लाखांचं कवच मृत्यूसाठी होतं, उपचाराच्या खर्चासाठी नाही. कंत्राटी आणि बाह्यस्रोत कर्मचारी त्यात होते, पण कोविड ड्युटीवर नेमल्याचा पुरावा लागायचा. तोंडी 'उद्यापासून तिकडे जा' यावर कुटुंबाची फाईल अडकते. नेमणूक लेखी, तारखेसह हवी, आणि एक प्रत सिस्टरच्या घरी.

खासगीत २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा). आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, मात्र आधीच्या कालावधीत ७८ दिवसांचं योगदान भरलेलं असावं लागतं. साथीत घाईने घेतलेल्या नव्या मुली इथेच बाहेर राहतात. त्यांच्यासाठी संस्थेने स्वतःची आजारपणाची रजा जाहीर करावी, नाहीतर ताप लपवून ड्युटीवर येतील. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणाऱ्या नर्सिंग होमनी तर मानसिक आधारावर बोलूच नये.

---

टीपीआर

कागदघोडा, शिव्या नाहीत, पण एक भर. मे २०२०मध्ये ड्युटीनंतरचं सरसकट क्वारंटाइन केंद्राच्या सूचनेने गेलं. कारण काही असो, सिस्टर्ससाठी तीच एकमेव सलग विश्रांती होती. ती काढली तेव्हा तेवढी सुट्टी वेगळी द्यायला हवी होती.

एक विषय राहिलाय, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: नातेवाईकांचे फोन आणि मृत्यू. परळनाका, तुम्ही लिहाल?

---

परळनाका

लिहितो. वॉर्डाच्या फोनवर दिवसभर तोच प्रश्न, 'आमचा पेशंट कसा आहे?' सिस्टर दुहेरी ग्लोव्हजमध्ये, एका हातात सक्शनची (पेशंटचा कफ खेचून काढायची) नळी. 'स्टेबल आहे' म्हणते, संध्याकाळी पेशंट जातो, आणि 'सिस्टर तर ठीक म्हणाल्या होत्या' हे वाक्य तिच्या मानगुटीवर बसतं. म्हणून फोन वॉर्डाबाहेर, स्वच्छ भागात. त्यावर वेगळा माणूस: गरोदर किंवा पीपीई झेपत नसलेली सिस्टर हे काम उत्तम करते. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी आपणच फोन करायचा, प्रत्येक केस पेपरवर एकाच नातेवाइकाचा नंबर. 'स्टेबल', 'सिरियस' हे दोन्ही शब्द टाळा. 'काल दहा लिटर ऑक्सिजन लागत होता, आज पंधरा लागतोय, हे चांगलं लक्षण नाही' असं सांगा. मृत्यूची बातमी डॉक्टरच देतील, हे लेखी ठरवा.

व्हिडिओ कॉल करताना कॅमेरा थेट चेहऱ्यावर नको. आधी सांगा: तोंडात नळी आहे, टेपने गाल ओढलेत, पालथं ठेवल्यामुळे चेहरा सुजलाय, बांगड्या-अंगठी काढून पाकिटात ठेवलीय. मग हात दाखवा. नातेवाईक तयार आहेत म्हणाले तरच चेहरा. फोन पारदर्शक पिशवीत सील करून, स्टँडला लावून, म्हणजे सिस्टरला धरून उभं राहावं लागत नाही आणि घरच्यांचं शेवटचं बोलणं तिच्या कानाशी होत नाही. एका पाळीत एका सिस्टरकडे असे दोनच कॉल.

मृतदेहाबद्दल मोठा गैरसमज होता. १५ मार्च २०२०च्या केंद्राच्या सूचनांनुसारही बॅगची चेहऱ्याकडची चेन कर्मचाऱ्याने उघडून नातेवाइकांना दर्शन देता येत होतं, स्पर्श न करता मंत्र म्हणणं, पाणी शिंपडणं चालत होतं. अनेक ठिकाणी हे माहीतच नसल्याने सिस्टर्सनी रडणाऱ्या मुलांना 'परवानगी नाही' सांगितलं. नंतर खरा नियम कळल्यावर जे लागतं ते कुठल्याही समुपदेशनाने पटकन निघत नाही. म्हणून सूचनांचा तो परिच्छेद मराठीत, मोठ्या अक्षरात, शवागारात आणि ड्युटी रूममध्ये लावा.

---

रातराणी

+१. मृतदेहाच्या पॅकिंगबद्दल एक: दोघींनी मिळून करायचं, नव्या मुलीला पहिल्यांदा एकटीला कधीच नाही. चेन लावण्याआधी पेशंटचं पूर्ण नाव मोठ्याने घ्यायचं आणि मिनिटभर हात थांबवायचे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका नर्सने मृत्यूनंतर असं थांबण्याची पद्धत रुळवली, आपल्याकडेही कुणाची हरकत नसते. लगोलग दुसरा पेशंट त्या बेडवर येणार असला तरी एक मिनिट निघतं. त्या दोघींना पुढची पंधरा मिनिटं किटबाहेरचं काम द्या.

---

कागदघोडा

ती पंधरा मिनिटं रिलीव्हरच्या हिशोबात धरावी लागतील. टीपीआरताई, तुमच्या चोवीस नावांत रिलीव्हर नाही. एका पाळीला एक म्हणजे आणखी सहा. तीस नावांची मागणी पाठवा. चोवीस मागितलीत तर अठरा मंजूर होतील.